रान कोणी लावलं?

(सामूहिक वनहक्काच्या दाव्यांसाठी वरसे येथे वाड्यांची बैठक झाली. तिथे एका कार्यकर्त्याने केलेलं हे भाषण. वीटभट्टीवरून ज्यांना येता आलं नाही त्यांनी मागितलं, म्हणून त्याने स्वतःच लिहून दिलं आहे. वाडीत मोठ्याने वाचून दाखवावे.)

आयाबहिणींनो, म्हाताऱ्या माणसांनो, आणि मागं भिंतीला टेकून बसलेल्या माझ्या दोस्तांनो.

मला सांगितलं होतं की तू बारावी झालेला, तू कागदावर बोल. पण कागदावर आधीच्या दोघांनी बोलून झालं. नकाशा कसा काढायचा, म्हाताऱ्यांचा जबाब कसा लिहायचा, ठरावावर सह्या-अंगठे कसे घ्यायचे, ते तुम्ही ऐकलंत. मी एका प्रश्नावर बोलणार आहे. तो प्रश्न मला विचारला गेला आणि तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मागच्या वर्षी आम्ही चौघं जण दाव्याची फाईल घेऊन एका कार्यालयात गेलो होतो. कुठलं, ते सांगत नाही, त्यानं काय फरक पडत नाही. तिथल्या साहेबांनी फाईल उघडली नाही. चष्म्यावरून बघितलं आणि बोलले, "जंगल मागताय. आजवर किती झाडं लावलीत ते सांगा." भिंतीवर फळा होता, त्यावर कुठल्या साली किती रोपं लावली त्याचे आकडे होते. मी मनात मोजायला लागलो. घरामागं एक शेवगा. एक आंबा, तो पण शेळीनं खाल्ला. मी गप्प बसलो. बाहेर येऊन चौघंही गप्प. रोह्याहून वाडीपर्यंत कोणी कोणाशी बोललं नाही.

घरी आजी बाजारासाठी करवंदं निवडत बसली होती. तिला सांगितलं. ती वर पण बघेना. बोलली, "तो वरचा उंबर मी नाय लावला, खरं हाय. मग त्यानं लावला का?"

तेवढ्यावर मी थांबायला पाहिजे होतं, कारण ऐकायला बरं वाटतं. पण मला प्रश्न पडला की मग लावला कोणी? तिथून मी बघायला लागलो. डोंगरात जाताना खाली बघत जायचो. विष्ठा बघायची, झाडाखालचा कचरा बघायचा, कुठल्या झाडाखाली कुठलं रोप आलंय ते बघायचं. दोन-चार पुस्तकं मिळाली ती वाचली. म्हाताऱ्यांना विचारलं. म्हाताऱ्यांनी जे सांगितलं आणि पुस्तकात जे मिळालं ते बऱ्याच ठिकाणी एकच निघालं. काही ठिकाणी नाही निघालं, ते पण सांगतो.

आधी साधी गोष्ट. तुम्ही सगळ्यांनी बघितलीय, फक्त मोजली नसेल. पाऊस पडल्यावर जांभळाखाली जा. हजारो बिया पडलेल्या असतात, आषाढात पाय ठेवायला जागा नाही इतकी रोपं उगवतात. त्याच झाडाखाली दिवाळीनंतर जा. बोटांवर मोजण्याइतकी राहतात. पुढच्या वर्षी ती पण नाहीत. कारण आईच्या सावलीत ऊन नाही. एका जागी इतकं बी पडलं की किडा, उंदीर, बुरशी सगळे तिथंच जमतात. एक रोप कुजलं की रोग शेजारच्याला लागतो. म्हणजे बीला जगायचं असेल तर आईपासून लांब जावं लागतं. आणि झाडाला पाय नाहीत.

मग प्रत्येक झाडानं आपापली सोय केली. सावरीनं कापूस केला, तो वाऱ्यावर जातो. ऐनाच्या फळाला पंख, किंजळाच्या फळाला पंख. आणि बेहडा बघा. बेहडा ऐन-किंजळाचाच भाऊबंद आहे, एकाच कुळातला. पण त्यानं पंख केले नाहीत, गर केला. ज्याला गर आहे ते झाड वाऱ्याच्या भरवशावर नाही, ते कोणाच्या तरी तोंडाच्या भरवशावर आहे. गर म्हणजे मजुरी. बी लांब नेऊन टाकायची रोख मजुरी. आपल्यासारखी उचल देऊन सहा महिने भट्टीवर बांधून घालायची पद्धत झाडाकडे नाही.

करवंद, तोरण, आळू, जांभूळ, भोकर, उंबर, पायर, वड, शिवण, आवळा, बेहडा, काजरा, मोह, बोर. आता हात वर करा, यातलं ज्यांनी खाल्लं नाही, विकलं नाही, औषधाला वापरलं नाही असं कोण आहे? कोणी नाही. हे सगळं गराचं. म्हणजे आपण डोंगरातून जे आणतो, त्यातलं बरंचसं कुठल्या तरी प्राण्यानं नाहीतर पाखरानं पेरलेलं आहे. जिथं वर्षभर पाऊस पडतो अशा उष्ण देशांच्या जंगलात तर शंभरातल्या सत्तरहून जास्त जातीची झाडं प्राण्यांवरच अवलंबून असतात. आपलं रान पानगळीचं, इथं वाऱ्यावर जाणारी झाडं जास्त, म्हणून आकडा कमी असेल. पण आपल्या टोपलीतला आकडा कमी नाही.

आता कोण कोण पेरतं ते सांगतो. सगळ्यात आधी वटवाघूळ, कारण त्याची बाजू कोणी घेत नाही.

पाखरू फळ खातं आणि दुसऱ्या झाडावर जाऊन बसतं. बसल्या जागी शिटतं. म्हणून पाखरानं टाकलेलं बी बहुतेक झाडाखालीच पडतं. वटवाघूळ तसं नाही. ते उंबर तोंडात धरून दुसरीकडे नेतं, लटकून चावतं, रस गिळतं, चोथा थुंकतं. ते चोथ्याचे गोळे तुम्ही बघितलेत, सकाळी काही झाडांखाली पडलेले असतात. रसाबरोबर बारीक बिया पोटात जातात. त्याचं पोट इतकं जलद चालतं की बऱ्याच वेळा अर्ध्या तासात बी बाहेर. आणि ते उडता उडता हगतं. म्हणजे बी माळावर पडतं, वरकस जमिनीवर पडतं, जळालेल्या डोंगरावर पडतं. जिथं एक झाड नाही, जिथं पाखरू बसायला पण जात नाही, तिथं पहिलं बी टाकणारं बहुतेक वटवाघूळच. मोठ्या बीचं फळ असेल तर ते लांब नेऊन गर खाऊन बी टाकतं. मोहाचं बी असं जातं. काजूचं पण. काजूबागेपासून लांब, भलत्याच झाडाखाली काजूच्या बिया पडलेल्या आपल्या बायांना मिळतात. कोणी नेऊन टाकल्या?

असं काम करणाऱ्याला सरकारनं काय दिलं? १९७२ च्या वन्यजीव कायद्यात फळं खाणारी वटवाघळं उंदीर आणि कावळ्यांबरोबर एका यादीत घातली होती. उपद्रवी म्हणून. कोणीही मारा. उलट राज्यप्राणी शेकरू आणि राज्यपक्षी हरियल. दोघं दिसायला सुंदर, माझं त्यांच्याशी भांडण नाही. पण शेकरू बरंचसं बी फोडूनच खातो, आणि हरियलाच्या पोटातला दगडी जात्यासारखा कोठा उंबराच्या बारीक बिया दळून टाकतो. शेकरूच्या हातातून पडेल, दोन-चार निसटतील, तेवढंच. पेरणारा उपद्रवी आणि दळणारा राज्याचा मान! हे वाचलं तेव्हा मी एकटाच हसलो.

दुसरं उदमांजर. कोंबडी नेतं म्हणून आपण त्याच्यावर राग धरतो, आणि राग धरायचं कारण आहे, माझ्या आईच्या दोन कोंबड्या गेल्यात. माडी चोरून पितं ते वेगळंच. पण उन्हाळ्यात कातळावर, वाटेवरच्या आडव्या लाकडावर त्याची विष्ठा बघा. नुसत्या बिया असतात. करवंद, जांभूळ, बोर. धुवून ठेवल्यासारख्या. मी त्यातल्या थोड्या आणून फुटक्या मडक्यात लावल्या. उगवल्या. सगळ्या नाही, पण उगवल्या.

तांबड्या तोंडाच्या माकडाला गालात पिशवी असते. ते झाडावर बसून खात नाही, गालात भरतं आणि लांब जाऊन एकेक काढून खातं, बी थुंकतं. वानराची गोष्ट वेगळी, ते पाला जास्त खातं आणि बी चावून बारीक करतं. म्हणजे सगळी माकडं एक नाहीत.

भेकर आणि सांबर यांचं काम आपल्याला दिसत नाही, कारण ते रात्री आणि बसून चालतं. भेकर शिवणीची फळं, बेहडे, आवळे आख्खे गिळतं. मग लांब जाऊन गचपणात बसून रवंथ करतं आणि कडक आठळी तोंडातून टाकतं. तामिळनाडूत मुदुमलाई म्हणून जंगल आहे, तिथं अभ्यास करणाऱ्यांनी आवळ्याच्या झाडाखाली पाळत ठेवून हे बघितलं. चितळ आणि पिसोरी आवळे खातात आणि आठळ्या दुसरीकडे टाकतात. आता आपल्याकडचा हिशोब लावा. आपल्या डोंगरात भेकर किती राहिलं? आवळ्याची नवी रोपं किती दिसतात? मी हे दोन प्रश्न सात म्हाताऱ्या माणसांना वेगवेगळं विचारले. सातही जणांनी दोन्हीला एकच उत्तर दिलं, "आधीसारखं नाय." एकामुळं दुसरं झालं असं मी छातीठोक सांगू शकत नाही. आवळे व्यापाऱ्यासाठी कच्चे असताना फांद्यांसकट उतरवतात, त्याचा पण हात आहे. आणि ते व्यापारी उतरवत नाही, आपणच उतरवतो.

धनेशावर थोडं बोलतो. आपल्याकडे राखाडी धनेश दिसतो. काळा-पांढरा, चोचीवर शिंग असलेला मोठा धनेश दक्षिण कोकणात जास्त. काजऱ्याचं बी विषारी, हे आपल्या पोराला पण माहीत असतं. काजऱ्याचं ते नारिंगी फळ हा पक्षी खातो, गर पचवतो आणि बी तसंच्या तसं ओकून टाकतो. जे मोठं फळ बुलबुलाच्या तोंडात मावत नाही ते धनेशाच्या चोचीत मावतं, म्हणून मोठ्या बीच्या झाडांना त्याची गरज जास्त. त्याचं घर तुम्हाला माहीत आहे. मादी ढोलीत शिरते आणि चिखल, विष्ठा लावून तोंड बुजवून घेते, चोच बाहेर येईल एवढी फट ठेवते. दोन-तीन महिने नर तिला आणि पिल्लांना भरवतो. घशातून एकेक फळ काढून देतो. हे सगळं शिमग्याच्या आगेमागे सुरू होतं. म्हणजे नेमकं तेव्हा, जेव्हा शाळेतली पोरं बेचकी घेऊन डोंगरात असतात. एक नर पडला की ढोलीत कोंडलेल्यांची उपासमार.

आणि ढोली कुठं असते? म्हाताऱ्या, मोठ्या झाडात. ते झाड ठेकेदाराच्या भाषेत कामाचं नाही. तसंच उंबर, पायर, वड. याचं लाकूड मऊ, फळी निघत नाही, म्हणून सगळं इंजायली म्हणून एका नावात टाकलं आणि कोळशाच्या भट्टीत घातलं. भट्टीत घालणारे हात कोणाचे होते? माझ्या बापाचे. मी पण सात वर्षांचा असताना भट्टीवर माती थापलीय. हे लाजेनं सांगत नाही, पोट होतं. पण काय जळालं ते माहीत असावं.

उंबराचं एक सांगतो, कारण पुढच्या ठरावात तो येणार आहे. बाकीच्या झाडांचा हंगाम ठरलेला. करवंद मे महिन्यात, जांभूळ त्याला लागून, बोरं थंडीत. मधल्या दिवसांत पाखरांनी खायचं काय? उंबर, पायर, वड, पिंपळ यांचं तसं नाही. एक झाड आज पिकतं, डोंगरापलीकडचं दोन महिन्यांनी. फळ फोडलं की आत केंबरं निघतात, त्यांच्यामुळेच हे चाललेलं असतं. त्या केंबरांच्या पुढच्या पिढीला कुठं ना कुठं फळ लागलेलं पाहिजे, म्हणून डोंगरात कुठं तरी एक झाड भरलेलं असतंच. आपल्या घरात पावसाळ्यात नाचणी संपल्यावर कंद असतो, तसा पाखरांना उंबर. तो तोडला तर पाखरू ते रान सोडून जातं. मग करवंद पिकतं तेव्हा पेरायला कोण येणार?

आता त्या फळ्यावरच्या आकड्यांकडे येतो. सागाच्या लागवडीत जाऊन उभे राहा, सकाळी सातला. मग आपल्या वरच्या उंबराखाली उभे राहा, तेवढाच वेळ. कान उघडे ठेवा. सागाला गराचं फळ नाही. गिरिपुष्पाची शेंग वाळली की फटकन उलते आणि बी उडतं, तिलाही कोणाची गरज नाही. असल्या रांगांमध्ये फळ खाणाऱ्याला बोलावणं नाही. झाडं जगली तर रांगा राहतात, रांगेच्या बाहेर काही येत नाही.

याच्या उलट दळीचं बघा. माझ्या आज्याच्या दळीत दोन झाडं उभी होती, एक उंबर आणि एक मोह. नाचणी-वरी करताना ती कधी तोडली नाहीत. सावलीला, मोहाच्या फुलाला, आणि आजी म्हणते उंबर तोडायचा नसतोच म्हणून. दळी पड टाकली की त्या दोन झाडांवर पाखरं बसायची. वटवाघळं रात्री यायची. तीन-चार वर्षांनी त्या झाडांच्या बुडाशी करवंदी, तोरण, आळू, भोकर यांचं बेट उभं राहायचं. मग बेट पसरत जायचं. आम्हाला शाळेत शिकवलं की आदिवासी फिरती शेती करून जंगल संपवतात. पडीत सोडलेल्या दळीत उंबराखाली काय उगवतं ते त्या धड्यात नव्हतं. मी असं म्हणत नाही की प्रत्येक दळीत झाडं ठेवली. काहींनी सगळं साफ केलं, तिथं आज नुसतं गवत आहे आणि दरवर्षी वणवा. दोन्ही दळ्या आपल्या डोंगरावर शेजारी शेजारी आहेत. दाव्याच्या नकाशात दोन्ही दाखवा, लपवू नका.

एक अडचण पण सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल पोरगा पाखरांची आरती ओवाळतो. टणटणी पण पाखरंच पेरतात. काळी मणी खातात आणि सगळीकडे टाकतात. आंब्यावरचं बांडगूळ फुलटोचा नावाचं अंगठ्याएवढं पाखरू लावतं. बी चिकट असतं, शेपटीला चिकटतं, ते फांदीवर घासतं आणि तिथंच ते रुजतं. पाखराला आपलं-परकं कळत नाही. त्याला गर कळतो. मोकळ्या डोंगरावर टणटणीच असेल तर तो टणटणीच पेरणार. म्हणून आपल्या झाडांची फळं झाडावर राहिली पाहिजेत.

इथं मी अवघड जागी येतो. आपण पण फळं खाणारे आहोत. करवंदाच्या दिवसात आपल्या बाया पहाटे चारला निघतात, रोह्याच्या बाजारात पानाच्या द्रोणात विकतात, त्या पैशात पावसाळ्याचं मीठ-मिरची होतं. ते बंद करा असं मी मेलो तरी म्हणणार नाही. गौण वनउपजाचा हक्क आपल्याला २००६ च्या कायद्यानं दिलाय आणि तो आपण भांडून घेतलाय. पण आजीच्या वेळची रीत ऐका. शेंड्याची फळं पाखरांची. हात पुरतो तेवढं काढायचं, झाड हलवून झोडायचं नाही. ही रीत का मोडली? कारण आधी दहा बाया यायच्या, आता बाहेरचा टेम्पो येतो आणि किलोवर घेतो, आणि आज मी नाही काढलं तर उद्या दुसरी वाडी काढते. म्हणजे एकट्या माणसानं रीत पाळून काही होत नाही. सगळ्या वाड्यांनी मिळून ठरवलं तरच. आणि ठरवायची जागा ग्रामसभा.

दुसरं, शिकार. हे बोलताना माझी जीभ अडखळते. बेचकीनं मी किती पाखरं पाडलीत ते मी मोजलेलं नाही. बुलबुल, होले, तांबट. भाजून खाल्लीत. आपल्या पोरांना मटण कोण आणून देतं? पण दोन गोष्टी ऐका. एक, कायद्यात जे हक्क दिलेत त्यातून शिकार वगळलेली आहे. उद्या एका पोराच्या हातात मेलेलं पाखरू सापडलं तर सगळ्या वाडीच्या दाव्याला तेच दाखवणार. दुसरी गोष्ट कायद्याची नाही. फणसाड ही आधी जंजिऱ्याच्या नवाबाची शिकारीची जागा. १९८६ साली अभयारण्य झालं. नवाब मौजेसाठी मारायचा आणि त्याला राखलेलं रान म्हणायचे, आपण पोटासाठी मारलं तर चोर. हा अन्याय खराच. पण उंदीर, घूस, खेकडा, मासा यात आणि धनेशात फरक आहे. उंदीर वर्षात किती वेळा वितो? धनेश वर्षात एकदा, एक-दोन पिल्लं.

अरुणाचलमध्ये न्यिशी नावाचे आदिवासी आहेत. त्यांच्या मानाच्या टोपीवर धनेशाची चोच लावतात. ती टोपी म्हणजे त्यांची इज्जत. पक्के नावाच्या जंगलाजवळ त्यांच्या गावांनी ठरवलं की चोच फायबरची लावायची. आणि २०१२ च्या सुमारास तिथं असं सुरू झालं की जे आधी शिकार करायचे त्यांनाच घरट्यांचे राखणदार नेमलं. शहरातली माणसं पैसे देतात, गावातली माणसं हंगामभर ढोलीवर पहारा देतात. ज्याला शिकार येते त्यालाच घरटं सापडतं, हे त्यांना बरोबर कळलं. आपल्यात पण कोणाला कुठली ढोली माहीत आहे ते मला माहीत आहे. मागं भिंतीला टेकून बसलेत. हसू नका.

आता कायदा. वनहक्क कायद्याचं कलम ५ घरी जाऊन कोणाकडून तरी वाचून घ्या. त्यात ग्रामसभेला वन, वन्यप्राणी आणि जैवविविधता राखायचा अधिकार दिलाय. विनंती करायचा नाही, राखायचा. गडचिरोलीत मेंढा-लेखा गावानं २००९ साली सुमारे १८०० हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क मिळवला, आणि तो मिळायच्या कितीतरी आधीपासून ते गाव आपले नियम आपण करत होतं. म्हणून आपण दाव्याबरोबर आपले नियम जोडावेत असं माझं म्हणणं आहे. उद्या परत कोणी विचारलं, किती झाडं लावलीत, तर उत्तर कागदावर असू दे: आम्ही इतके उंबर आणि इतक्या ढोल्या राखल्यात, त्यांची जागा नकाशावर दाखवलीय, आणि लावायचं काम ज्यांचं आहे ते करतात.

मी सुचवलं ते असं. उंबर, पायर, वड, पिंपळ वाळला तरी भट्टीला द्यायचा नाही. ढोलीचं झाड उभं ठेवायचं. आवळ्याची फांदी तोडणाऱ्याला वाडीनं दंड लावायचा, दंड किती ते बायांनी ठरवायचं कारण आवळा त्या आणतात. वटवाघळांच्या वडाखाली फटाके नाहीत, धूर नाही. वणव्याच्या दिवसात पाळ्या. पाखरानं पेरलेलं दोन पानांचं रोप वणव्यात एका मिनिटात जातं, मग वरचं सगळं बोलणं फुकट. रोपं करायचीच असतील तर बी कातळावरच्या विष्ठेतून आणि उंबराखालच्या कचऱ्यातून गोळा करायचं, म्हणजे कोणाला काय आवडतं ते आपोआप कळतं. आणि शिमग्यापासून पाऊस पडेपर्यंत बेचकी बंद.

यावर जी चर्चा झाली ती पण लिहितो, कारण भाषणापेक्षा ती मोठी झाली. उंबराच्या ठरावाला सगळ्यांनी हात वर केले. आवळ्याच्या दंडावर बायांनी सांगितलं की आधी टेम्पोवाल्याला वाडीत घ्यायचा की नाही ते ठरवा, मग आमच्या फांदीवर या. हे बरोबर आहे आणि माझ्या डोक्यात आलं नव्हतं. उदमांजराला कोणी माफ करायला तयार झालं नाही. एका काकांनी विचारलं, "वटवाघळाच्या तेलानं माझे गुडघे चालतात, त्याचं काय?" त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

बेचकीवर ठराव झाला नाही. तीन वाड्या हो म्हणाल्या. आमच्या वाडीतली पोरं उठून बाहेर गेली. त्यात माझा धाकटा भाऊ पण होता. रात्री घरी त्यानं मला विचारलं, धनेशाची ढोली दाखवली तर नकाशावर माझं नाव लिहिणार का? मी म्हटलं, ढोलीची जागा वाडीच्या नकाशात लिहू, बाहेरच्या कोणाला दाखवायच्या नकाशात नाही. तो विचार करतोय. पुढच्या अमावस्येच्या बैठकीत बेचकीचा विषय परत घ्यायचा आहे. ज्या वाड्या वरशाला आल्या नव्हत्या त्यांनी तोपर्यंत आपल्या डोंगरातले उंबर मोजून आणावेत.